शेत राहू दे, आधी चौदावा सीन बघू

वाचकाचं पत्र

आक्का, स.न.वि.वि. मी खानापूर तालुक्यातला, वय २७. बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात शिफ्टमध्ये मशिनवर असतो. सिनेमाचं वेड लहानपणापासूनचं. तीन वर्षं खपून एक पटकथा लिहिली आहे. रस्त्यासाठी जमीन जाणाऱ्या एका शेतकरी घराची गोष्ट, १५० पानं झाली. गेल्या दिवाळीत मित्रांना घेऊन त्यातला चौदावा सीन मोबाइलवर शूट करून बघितला. दिवसभरात काही धड झालं नाही. कुणी ऐकेना, ऊन गेलं, शेवटी भांडणं झाली. आता पुण्याचे एक गृहस्थ म्हणतात, अठरा लाख उभे कर, बाकी मी बघतो, दिग्दर्शक म्हणून तुझंच नाव लावू. आमचं रस्त्याकडेला दोन एकर शेत आहे, गिऱ्हाईक तयार आहे. वडील 'तुझी मर्जी' एवढंच म्हणतात. काही जण म्हणतात कन्नडमध्ये कर, काही म्हणतात मुंबई गाठ. तुम्ही इतकी वर्षं दिग्दर्शन करताय. कशा शिकलात, काम कसं करता, आणि मी काय करू ते सांगा. पटकथा सोबत जोडली आहे, चौदाव्या सीनच्या पानांवर खूण केली आहे.

उत्तर

शेत विकू नकोस. बाकीचं सविस्तर बोलूच, पण हे आधी लिहिते, कारण गिऱ्हाईक तयार आहे म्हणतोस आणि अशा व्यवहारात एकदा संचकार (इसार) घेतला की मागं फिरणं अवघड असतं.

पुण्याच्या गृहस्थांचं बोलणं जरा उलगडून बघ. पैसे तुझे, जमीन तुझ्या वडिलांची, बुडाले तर घर तुमचं बुडणार. त्यांच्याकडून काय येणार? 'बाकी मी बघतो' एवढंच. सिनेमात पैसे घालणाऱ्याला निर्माता म्हणतात आणि निर्मात्याच्या हातात पहिल्या दिवसापासून कागद असतात. बजेट कसं वाटलंय, हक्क कुणाकडे राहणार, कुठल्या खात्यातून कुणाला किती जाणार, सगळं लेखी. तुझ्या पत्रात एकाही कागदाचा उल्लेख नाही.

आता हिशेब करू. पटकथेच्या रीतसर मांडणीत एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. तुझी १५० पानं म्हणजे अडीच तासांचा सिनेमा. लहान युनिट दिवसाला तीन-चार पानं नीट उरकतं. म्हणजे चाळीस-पंचेचाळीस दिवसांचं शूटिंग झालं. अठरा लाखाला पंचेचाळीसनं भागलंस तर दिवसाला चाळीस हजार हातात येतात, आणि त्यात कॅमेरा, लाइट, साउंड, गाड्या, नट, पंचवीस-तीस माणसांचं राहणं-जेवण हे सगळं बसवायचं. बसत नाही. आणि बसवलंच, तर पुढच्या कामाला छदाम उरत नाही. एडिटिंग, डबिंग, साउंड मिक्सिंग, डीआय (चित्राच्या रंगांची शेवटची जुळवणी), सेन्सॉर सर्टिफिकेट, थिएटरपर्यंत डिजिटल कॉपी पोचवायचा खर्च, पोस्टर, जाहिरात हे सगळं शूटिंगनंतरच सुरू होतं. पैसे संपल्यामुळे हार्ड डिस्कमध्ये पडून राहिलेले मराठी सिनेमे मी पाहिलेत. ते करणारी माणसं काही आळशी नव्हती.

भाऊराव कऱ्हाडे यांनी जमीन विकून 'ख्वाडा' केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, हे उदाहरण तुला कुणी ना कुणी दिलंच असणार. ते खरं आहे आणि त्या धाडसाबद्दल मला आदर आहे. पण धाडस त्यांचं स्वतःचं होतं आणि सूत्रंही त्यांच्याच हातात होती. तू जमीन विकून सूत्रं दुसऱ्याच्या हातात देणार आहेस. नागराज मंजुळे यांची वाट बघ. २०१३ च्या 'फँड्री'आधी त्यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि मगच मोठा सिनेमा आला. लघुपट करताना जे चुकतं ते परवडतं.

एक काम मात्र आजच कर. त्या गृहस्थांना पटकथेची प्रत दिली असशील किंवा देणार असशील, तर आधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचा सभासद हो आणि पटकथेची नोंदणी करून घे. ऑनलाइन होतं. पुढं वाद झालाच तर ही गोष्ट अमुक तारखेला तुझ्याकडे होती याचा पुरावा राहतो.

आता मी कशी शिकले ते. मी बेळगावातल्या शहापूरची. घरात माग होते, नाटकाचा नाद होता. एकांकिका स्पर्धांमधून काम करत करत मुंबईला गेले आणि एका युनिटमध्ये कंटिन्युटी असिस्टंट म्हणून लागले. या कामाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण दिग्दर्शनाचं माझं सगळं शिक्षण त्यात झालं.

कंटिन्युटीवाल्याच्या हातात वही असते. समज, सीनमध्ये एक माणूस चहा पिता पिता म्हणतो, 'मला कुणी सांगितलं नाही.' सकाळी लांबून पूर्ण सीन घेतला, त्यात त्यानं 'कुणी' या शब्दावर ग्लास खाली ठेवला. उजव्या हातानं. ग्लासात निम्मा चहा होता, शर्टाचं वरचं बटण उघडं होतं, घड्याळ डाव्या मनगटावर. हे सगळं वहीत लिहायचं. तीन तासांनी त्याच माणसाचा क्लोजअप लागतो. मधे जेवण झालेलं असतं, नटानं बटण लावलेलं असतं, चहा गार झाला म्हणून स्पॉटबॉयनं ग्लास भरून आणलेला असतो. तेव्हा वही उघडून सांगायचं की चहा निम्मा करा, बटण काढा, आणि ग्लास 'कुणी'वर ठेवायचा. हे चुकलं की एडिटरला ते दोन शॉट जोडता येत नाहीत. आता मोबाइलवर फोटो काढून काम सोपं झालंय, तरी कुठल्या शब्दावर हात हलला ते फोटोत येत नाही. ते कान आणि डोळे एकाच वेळी उघडे ठेवूनच टिपावं लागतं.

ही वही सांभाळताना मी रोज दिग्दर्शकाच्या बाजूला, कॅमेऱ्याच्या वीतभर अंतरावर उभी असे. तिथून एक गोष्ट दिसली. ज्यांना सीनमधून काय हवंय ते घरून निघतानाच ठाऊक असायचं, ते दुसऱ्या-तिसऱ्या टेकला 'ओके' म्हणून पुढं जायचे. ज्यांना ठाऊक नसायचं ते सगळीकडून कॅमेरा लावायचे, लांबून, जवळून, खालून, वरून, आणि संध्याकाळी प्रकाश गेला की युनिटवर चिडायचे. तुझ्या दिवाळीच्या शूटिंगला कुणी ऐकत नव्हतं म्हणतोस, त्याचं कारणही हेच असावं. तू वाईट वागला असशील असं मला वाटत नाही. पुढं काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून जो तो आपापलं सांगू लागला.

व्ही. शांताराम कोवळ्या वयात हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपात कामाला होते. पुढं कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत त्यांनी पडेल ते काम केलं. झाडलोट, रंगकाम, अभिनय, काय हवं ते. १९२९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर 'प्रभात' काढली तेव्हा सिनेमाच्या कामाचा प्रत्येक कोपरा त्यांच्या हाताखालून गेलेला होता. सुमित्रा भावे समाजकार्याच्या क्षेत्रातून आल्या. त्यांचा पहिला लघुपट 'बाई' १९८५ चा, चाळिशी उलटल्यावरचा. दोघांच्या वाटांमध्ये साम्य काही नाही. एक मात्र दोघांकडे होतं, ज्या माणसांवर सिनेमा करायचा त्यांची जवळून ओळख. ती तुझ्याकडे आहे. तुझ्या पटकथेत तलाठी घरी येतो तेव्हा आई आधी उंबऱ्यावरची चप्पल बाजूला सारते, मग पाणी देते. हे पुण्या-मुंबईत बसून सुचत नाही.

चल, चौदाव्या सीनकडे येऊ.

तू लिहिलंयस असं: बाप आणि मुलगा बांधावर उभे आहेत. शेतात मोजणीवाल्यांनी दगड रोवलाय. मुलानं बापाला न विचारता संमतीच्या कागदावर सही केलीय आणि ते सांगायला तो आलाय. मग तीन पानं संवाद. आजोबांनी जमीन कशी कसली, कर्ज किती, रस्ता झाला तर काय, न झाला तर काय. संवाद चांगले आहेत, पण तीन मिनिटं दोन माणसं उभी राहून बोलताना बघायची आहेत, आणि बोलतायत ते सगळं प्रेक्षकाला तेराव्या सीनपर्यंत कळून चुकलेलं आहे.

मी कुठलाही सीन हातात घेतला की वरच्या कोऱ्या जागेत दोन ओळी लिहिते. कुणाला काय हवंय, आणि सीन संपताना काय बदललं. इथं मुलाला सांगायचंय. बापाला कापणी उरकायची आहे. सीन संपताना काय बदललं? तुझ्या पानांवरून मला काहीच सापडलं नाही. सगळं बोलून दोघं होते तिथंच आहेत.

मी असं करून बघेन. सुगीचे दिवस. भात पिकून पिवळं झालंय, पैऱ्यानं, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीनं राबायला, आलेली चार-पाच माणसं लांबवर कापतायत. बाप कापत कापत दगडापर्यंत येतो. दगडाच्या भोवतीची चार रोपं तो इतर रोपांसारखीच, एकही न सोडता कापतो. विळ्याची धार गेलेली असते. तो इकडंतिकडं बघतो आणि त्या मोजणीच्या दगडावरच विळा घासायला लागतो. मुलगा बांधावर चपला काढून येतो, उभा राहतो. बाप मान वर न करता विचारतो, 'जेवलास काय?' मुलगा म्हणतो, 'होय.' तो जेवलेला नाही, हे आधीच्या सीनमध्ये आपण बघितलंय. विळा घासल्याचा आवाज. मुलगा खाली बसून कापलेल्या भाताची पेंढी बांधायला घेतो. सही केल्याचं तो सांगत नाही. सीन संपला. बदललं ते असं की मुलगा सांगायला आला होता आणि न सांगता थांबला. आता ते ओझं घेऊन तो पंधराव्या सीनमध्ये जाणार, आणि प्रेक्षक ते कधी फुटतं याची वाट बघणार.

हे मला सुचलं. तुला याहून चांगलं सुचेल, कारण तू त्या बांधावर वाढलायस. मला दाखवायचंय ते एवढंच की तीन पानं एका पानावर आली आणि गोष्ट जास्त कळू लागली.

आता याचे शॉट. मी पाच-सहाच धरेन. पहिला रस्त्याच्या बाजूनं, लांबून: पूर्ण शेत, मधे दगड, बाप वाकलेला, मागून ट्रकांचा आवाज. दुसरा मुलाचे पाय, चपला काढताना. तिसरा बापाचे हात आणि विळा, दगड फ्रेममध्ये. चौथा मुलाचा चेहरा. पाचवा बापाचा, पण पाठमोरा, कानामागचा घाम दिसेल इतका जवळून. शेवटी दोघं एकाच फ्रेममध्ये खाली बसलेले. बाप आणि मुलगा यांच्यामधून मनातल्या मनात एक रेघ ओढ आणि कॅमेरा त्या रेघेच्या एकाच बाजूला ठेव. पलीकडं गेलास तर पडद्यावर दोघं एकमेकांकडं बघतायत असं वाटणार नाही, दोघंही एकाच दिशेला बघतायत असं वाटेल. दिवाळीच्या फुटेजमध्ये तुझं हेच झालंय का, ते एकदा तपास.

शूटिंगचा क्रम मात्र या क्रमानं लावायचा नाही. उभं भात एकदाच कापता येतं. लांबचा शॉट पहिला, सकाळी सातच्या आत, सगळं पीक उभं असताना. मग कापणीचे शॉट पुढं सरकत सरकत. दगडापासून चार हातांवर एक पट्टा न कापता राखून ठेव, दुसऱ्या टेकसाठी. चेहऱ्यांचे शॉट नऊनंतर घेतलेस तर वरून पडणाऱ्या उन्हानं डोळ्यांखाली काळं येतं. ते चार वाजल्यानंतरसाठी ठेव. मधल्या वेळात घरातला एखादा सीन उरक.

सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'च्या शूटिंगचा पहिलाच दिवस काशफुलांच्या, म्हणजे उंच गवताच्या पांढऱ्या तुऱ्यांच्या, मैदानातला होता. ते जाहिरात कंपनीत नोकरी करत होते, त्यामुळे शूटिंग रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी चाले. पुढच्या रविवारी युनिट परत गेलं तर गुरांनी मैदानातली सगळी फुलं खाऊन टाकलेली. उरलेला सीन घ्यायला पुढच्या हंगामापर्यंत थांबावं लागलं. तो सिनेमा १९५५ मध्ये लोकांसमोर आला. नोकरी सांभाळून काम करणाऱ्या तुझ्यासारख्याला यातलं दोन्ही उपयोगी आहे, रविवारची युक्ती आणि हंगामाचा धाकही. आपल्याकडं भाताचा रंग पंधरवड्यात पार बदलतो. शेतातले सगळे शॉट सलग दोन दिवसांत घे, आठवड्यांच्या अंतरानं नको.

नटांबद्दल. बापाच्या कामाला विळा हातात घेऊन पोसलेला माणूस घे. 'फँड्री'त जब्याचं काम केलेला मुलगा मंजुळेंना गावात हलगी वाजवताना सापडला होता. आपल्या गावागावांत जत्रेला नाटकं होतात, त्यातली माणसंही आहेतच. पण नाटकातल्या माणसाचा आवाज मांडवाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जायला तयार झालेला असतो. त्यांना 'हळू बोला' म्हणून सांगितलंस तर ते अवघडून बोलतात. त्यापेक्षा हाताला काम दे. पेंढी बांधता बांधता बोल म्हण, गाठ खरोखर आवळली पाहिजे म्हण. मग आवाज आपोआप उतरतो. वाक्य कसं म्हणायचं ते तू म्हणून दाखवू नकोस. नाहीतर सगळे नट तुझ्याच आवाजात बोलू लागतील.

सेटवर ऐकत नाहीत यावर माझा एकच उपाय आहे. आदल्या रात्री सगळ्यांना कॉल शीट पाठव. कुणी, कुठं, किती वाजता, कुठले कपडे घालून, कुठला शॉट आधी, जेवण किती वाजता. एक मित्र फक्त या कागदावर लक्ष ठेवेल. एक फक्त आवाज बघेल. एक वही सांभाळेल. तू नटाजवळ आणि कॅमेऱ्याजवळ राहशील, आणि टेक झाला की मोठ्यानं दोनच शब्द बोलशील, 'ओके' किंवा 'परत'. परत का, ते ज्याला सांगायचं त्याच्या जवळ जाऊन सांग, चारचौघांत नको. दुपारी एकला भात-आमटी समोर आली पाहिजे, मग एखादा शॉट राहिला तरी चालेल. भुकेलं युनिट चार वाजता तुझं ऐकणार नाही.

आवाजाकडं नवखी पोरं दुर्लक्ष करतात. चित्र थोडं हललेलं लोक सोसतात, संवाद ऐकू आला नाही तर उठून जातात. मोबाइलवर शूट करणार असशील तर आवाजासाठी वेगळा रेकॉर्डर आणि माइक भाड्यानं घे, आणि प्रत्येक जागेवर सगळ्यांनी गप्प उभं राहून एक मिनिट नुसती तिथली शांतता रेकॉर्ड कर. वारा, पाखरं, लांबचा हायवे. कापलेले शॉट जोडताना हेच खाली पसरायचं असतं. ड्रोनचा नाद सोड. सांबऱ्याला विमानतळ आणि हवाई दलाचं केंद्र, बेळगावात मराठा लाइट इन्फंट्री. उगाच पोलीस ठाण्याचे हेलपाटे पडतील. भीमगडच्या जंगलात किंवा रेल्वे स्टेशनात काही घ्यायचं असेल तर परवानगी आधी.

भाषेचं विचारलंयस. मला वाटतं प्रश्नच चुकीचा मांडला गेलाय. तुझ्या गोष्टीतलं घर मराठी बोलतं, तलाठी कन्नड बोलतो, बँकेतला माणूस हिंदी आणि कन्नड मिसळून बोलतो. आपण रोज असंच जगतो. मग सिनेमात सगळ्यांना एकाच भाषेत का बसवायचं? चैतन्य ताम्हाणे यांच्या २०१४ च्या 'कोर्ट'मध्ये मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी सगळं आहे. ज्याची जी भाषा ती त्याच्या तोंडी, आणि त्याच सिनेमाला व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात पुरस्कार मिळाला. तलाठ्याच्या कामाला धारवाडकडचा नाटकातला कन्नड नट शोध, तिथं रंगायण ही सरकारी नाट्यसंस्था आहे, चांगली माणसं सापडतील. आणि घरातले संवाद आपल्या बोलीत राहू देत. 'काय करूलालास' असंच तुझी आई विचारत असेल तर पडद्यावरच्या आईनंही तसंच विचारावं. तुझ्या पानांवर घरातली सगळी माणसं सदाशिव पेठेत राहिल्यासारखी बोलतात, ते मला खटकलं. मराठी संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. दोन भाषांच्या मुलखातून आल्यानं त्यांचं काही अडलं नाही. भाषेवरून इथं काय काय झालंय आणि होतंय ते तू आणि मी दोघंही जाणतो. म्हणूनच सांगते, बाजार बघून भाषा निवडू नकोस. कन्नडमध्ये तुला स्वप्न पडत नसेल तर कन्नड सिनेमा तुला जमायचा नाही.

मुंबईचं म्हणशील तर नोकरी सोडून एकदम जाऊ नकोस. कोल्हापूर परिसरात मालिकांची शूटिंगं चालतात, निपाणी ओलांडली की फार लांब नाही. महिनाभराची रजा काढून कुठल्याही युनिटमध्ये शेवटच्या असिस्टंटचं काम मिळव. क्लॅप दे, वही धर, कपडे मोज. मग मुंबई हवी की नको हे तुझं तुलाच कळेल. पदवी झाली असेल तर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची प्रवेश परीक्षाही दे. कन्नडचे गिरीश कासरवळ्ळी तिथंच शिकले आणि १९७७ च्या 'घटश्राद्ध'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं. आणि नोव्हेंबरात चोर्ला घाट उतरून पणजीला जा. २००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, तिथंच होतो. आपल्याइतक्या जवळ जगभरचा सिनेमा फार थोड्यांच्या आहे, आणि बेळगावची पोरं गोव्याला जातात ती दुसऱ्याच कारणांसाठी, याचं मला वाईट वाटतं. दिवसाला दोनच सिनेमे बघ, पण बघून झाल्यावर एका सीनचे शॉट आठवून लिहून काढ.

वडील 'तुझी मर्जी' म्हणतात, त्यावर मी रात्री बराच वेळ विचार केला. आपल्याकडं बाप असं म्हणतो तेव्हा त्याला परवानगी द्यायची नसते आणि पोराला मोडायचंही नसतं. त्यांना शेजारी बसवून पटकथा वाचून दाखव. पूर्ण नको, चौदावा सीन पुरे. आणि विचार की आपल्याच शेतात, या सुगीला, दोन दिवस शूटिंग केलं तर चालेल का. कापणी कशी धरतात, पेंढी कशी बांधतात हे नटाला शिकवायला त्यांच्याइतका जाणता माणूस तुला दुसरा मिळणार नाही.

तर माझं म्हणणं असं: १५० पानांतून दहा-बारा मिनिटांचा लघुपट काढ. मोजणीचा दगड रोवल्यापासून चौदाव्या सीनपर्यंतच. चार दिवसांचं शूटिंग, सगळे रविवार नकोत, शेताचे दोन दिवस सलग. खर्च तुझ्या पगारातून आणि मित्रांच्या हातभारातून भागेल एवढाच ठेव. एडिटिंग झालं की आठ दिवस फाइल उघडू नकोस, मग परत बघ. नंतर गावातल्या वाचनालयाच्या खोलीत ओळखीची तीस-चाळीस माणसं बोलव, त्यात शूटिंगला नसलेली जास्त असू देत. तू पुढं बसू नकोस. मागं उभा राहा, आणि कुठल्या मिनिटाला लोक चुळबुळतात, कुठं मोबाइल काढतात, कुठं खोकणारा माणूस खोकायचा थांबतो ते वेळेसकट लिहून ठेव. 'छान झालंय' म्हणणाऱ्यांकडून तुला काही कळणार नाही. जो गप्प निघून जाईल त्याला दुसऱ्या दिवशी गाठ.

ती टिपणं आणि शॉट लिस्ट दोन्ही मला पाठव. कुठला शॉट काढायचा ते मग पुढच्या वेळी याच सदरात ठरवू.